नितळ पाण्यातली थकबाकी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी गोल्डफिश पाळण्याविषयीचा लेख आला होता. मांडणी चांगली, फोटो तर फारच देखणे. एका वाक्यापाशी मात्र मी अडले. चांगला फिल्टर बसवला आणि पाणी नितळ दिसत असलं की ते बदलायची फारशी गरज पडत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. दीड वर्षापूर्वी फिशटँक घेताना हेच मला तोंडी सांगण्यात आलं होतं. मी ते खरं मानलं आणि एक मासा गमावून बसले. लेख वाचून आणखी कोणी तेच करू नये म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच तर माझ्या बडबडीला लावा, आकड्यांना लावू नका.

मी निवृत्त लेखापाल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. जमा किती, खर्च किती आणि शिल्लक कुठे गेली, हे विचारायची खोड जडलेली. पण घरातल्या त्या काचेच्या पेटीचा हिशेब मांडावा, हे वर्षभर मला सुचलं नाही.

टँक नातवाच्या हट्टापायी आला. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ३५, पाणी ३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत. गुणाकार करा, ११० लिटर होतात. खडी आणि फिल्टरची जागा वजा करून १०० धरा. त्यात तीन मासे: ढब्बू, गोटी आणि टिकली. टिकली पांढरीशुभ्र होती, डोक्यावर तेवढा एक लाल ठिपका. दर रविवारी मी दहा लिटरची एक बादली पाणी काढायची आणि तेवढंच ताजं भरायची. फिल्टरचा स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायची, नळाखाली नाही, कारण क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. एवढं मला माहीत होतं आणि तेवढ्यावर मी खूश होते. पाणी असं नितळ, की मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा टँकमधून वाचता यायच्या.

काचेवर हिरवा थर मात्र फार लवकर धरायला लागला. मंगळवारी पुसला की शुक्रवारी पुन्हा हजर. मासे खायला वर यायचे, पण पूर्वीसारखी झुंबड नाही. टिकली दुपारभर कोपऱ्यात तळाशी बसून राहायची, शेपटीची कड झिजल्यासारखी दिसायची. तेव्हा मुलाने टेस्ट किट आणून दिलं.

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण किट घरात असूनही चुकणारे माझ्यासारखे बरेच असणार. माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठत जातं ते नायट्रेट. माझ्या किटमध्ये ते मोजायच्या दोन बाटल्या आहेत. नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीतले दहा थेंब, मग दुसरीतले दहा, आणि पाच मिनिटांनी रंग तक्त्याशी जुळवायचा. मी तसं केलं. नारिंगीसर रंग आला, तक्त्यावर २० पीपीएम. म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम. उत्तम! मग टिकलीला झालंय काय? दोन दिवसांनी चष्मा नीट लावून घडीपत्रक वाचलं. दुसरी बाटली वापरण्याआधी तीस सेकंद जोरात हलवायची असते, आणि थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट. त्या बाटलीतली पूड तळाशी जाऊन घट्ट बसते. ती थेंबांत उतरली नाही की रंग फिका येतो आणि आकडा खोटा निघतो. नातवाला मोजायला बसवलं. तो मोठ्याने तीसपर्यंत मोजतोय, मी बाटली टेबलावर आपटून आपटून हलवतेय. पाच मिनिटांनी नळीत लालभडक. तक्त्यावरचा शेवटचा चौकोन, १६०.

तक्ता १६०ला संपतो, पाण्यातलं नायट्रेट तिथे संपेलच असं नाही. म्हणून एक भाग टँकचं पाणी आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा तपासलं. रंग ४०च्या जरा पुढे. त्याला चाराने गुणा. १६०च्या वर, दोनशेच्या अलीकडे.

"आजी, पण पाणी तर काचेसारखं दिसतंय," नातू म्हणाला. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, त्याने पाणी गढूळ होत नाही. नितळपणा हा वेगळ्याच खात्याचा आकडा आहे, इथे त्याचा काही संबंध नाही.

मग मी मुळापासून वाचायला घेतलं. मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांच्या नायट्रोजनचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. राहिलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया जहाल. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही घातकच, माशाच्या रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच ते काढून घेतं. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. हे काम जिवाणूंचं आहे, हे सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवलं. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय पुस्तकं बरीच वर्षं नायट्रोबॅक्टरला देत राहिली. घरच्या टँकमध्ये ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे १९९०च्या दशकात कळलं, आणि त्यांच्यातले काही तर दोन्ही टप्पे एकट्यानेच उरकतात, हे कळायला २०१५ साल उजाडावं लागलं. मला या गोष्टीची गंमत वाटते. इतक्या घरांतून टँक चालू होते आणि आत कामाला कोण आहे, याची नोंद चुकीच्या नावाने होती.

तर फिल्टर करतो ते एवढंच. तो अमोनिया संपवतो आणि नायट्रेट बनवतो. फिल्टर जितका चांगला, तितकं नायट्रेट मुकाट्याने साठत जातं. नायट्रेटचं पुढे वायूत रूपांतर करणारे जिवाणूही आहेत, पण त्यांना प्राणवायू नसलेली जागा लागते, आणि गोल्डफिशच्या टँकमध्ये एअरपंपाने पाणी सतत खळबळत असतं. त्यामुळे जमेच्या बाजूला रोज नोंद, खर्चाच्या बाजूला फक्त माझी रविवारची बादली.

आता तो हिशेब. समजा आठवड्याला २० पीपीएम नायट्रेट तयार होतं आणि मी दहावा भाग पाणी बदलते. बदलताना जो काही साठा असेल त्याचा दहावा भाग जातो, बाकीची शिल्लक पुढे ओढली जाते. साठा वाढत वाढत २००ला पोहोचतो, तेव्हा त्याचा दहावा भाग २० होतो आणि जमा-खर्च जुळतो. तिथेच तो थांबतो. पंधरा आठवड्यांत १६०पर्यंत जातो, माझा टँक तर वर्षभर चालू होता. दर आठवड्याला पाव टँक बदलला असता तर हाच साठा ८०ला थांबला असता, अर्धा बदलला असता तर ४०ला. किती तयार होतं त्याला बदललेल्या हिश्श्याने भागायचं, बस. शाळेतल्या मुलालाही जमेल असं गणित, आणि ते मी एका वर्षानंतर केलं.

माझ्या बादलीतही लबाडी होती, ती सांगून टाकते. उन्हाळ्यात पाणी आटायचं. मग कधी कधी मी जुनं पाणी न काढताच बादली ओतायची आणि पाणी बदललं असं समजायची. वाफ होऊन फक्त पाणी जातं, नायट्रेट तिथेच राहतं. आटलेलं भरून काढणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे.

यानंतर मी जे केलं ते लिहायला हात अडतो. लाल नळी पाहून मी घाबरले आणि त्याच संध्याकाळी पाऊण टँक उपसून नवं पाणी भरलं. क्लोरीन मारायचे थेंब टाकले होते, पाणी गार-गरम नाही हे हाताने पाहिलं होतं. ढब्बू आणि गोटी रात्रभर तळाशी बसून कल्ले जोरजोरात हलवत होते. सकाळी टिकली आडवी होती.

जुन्या पाण्याचा एक पेला तपासणीसाठी काढून ठेवला होता, तो खिडकीत तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, पाहिला. सातच्या जितका खाली, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. ६, म्हणजे माझ्या तक्त्यावरचा सगळ्यात खालचा रंग. नळाच्या पाण्याचा ७.८. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि त्या आम्लाला सावरून धरणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा हळूहळू खर्ची पडतो. तो संपला की पीएच घसरतो. पीएच इतका खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचू लागतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने फारसा बाधत नाही. त्या पेल्यात अमोनियाही २ पीपीएम निघाला. पीएच एका अंकाने वर गेला की त्यातला जहाल वाटा साधारण दहापट होतो. मी एका तासात पीएच सहावरून पावणेआठाच्या दिशेने ढकलला होता. त्यात क्षारांचा फरकही पडला. टिकली नेमकी कशाने गेली ते सांगायला मी काही मत्स्यवैद्य नाही, पण ती नायट्रेटमध्ये कित्येक महिने जगली होती आणि माझ्या घाईत एक रात्रही जगली नाही.

करायला हवं होतं ते असं. रोज १५ लिटर, म्हणजे दीड बादली. दहा दिवसांत १८०चे ३५ झाले असते, त्यात रोजच्या खाण्याची भर धरून पन्नासच्या आसपास. पीएचही पायरी-पायरीने चढला असता. ज्यांनी महिनोन्‌महिने पाणी बदललेलं नाही, त्यांनी हे पत्र वाचून आजच्या आज टँक उपसू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. आधी पीएच आणि अमोनिया तपासा, मग थोडं-थोडं बदला.

उरलेल्या दोघांसाठी मी वही घातली. प्रथम खाणं. मी चिमूटभर घालायची, नातू चिमूटभर घालायचा, सूनबाई येता-जाता चिमूटभर घालायची, कारण गोल्डफिश काचेपाशी येऊन असा चेहरा करतो, की दोन दिवस उपाशी आहे. त्याला जठरच नसतं, त्यामुळे एका वेळी फार साठवता येत नाही आणि दिवसभर काही ना काही टिपत राहायची त्याला सवय. वजनकाट्यावर पाहिलं, तर माझी चिमूट अर्ध्या ग्रॅमची आणि नातवाची जवळपास एक ग्रॅमची. घरात कोणाचीही चिमूट सारखी नव्हती! दिवसाची बेरीज दोन ग्रॅम.

डब्यावर प्रथिनं ३५ टक्के लिहिली आहेत. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एका ग्रॅम खाण्यात ५६ मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि त्या सगळ्याचं नायट्रेट झालं तर ४.४३ने गुणून (नायट्रेटचं वजन त्यातल्या नायट्रोजनच्या इतकं पट असतं) जवळजवळ २५० मिलिग्रॅम. १०० लिटरमध्ये अडीच पीपीएम. दोन ग्रॅमचे रोज पाच, आठवड्याचे ३५. प्रत्यक्षात किटवर वाढ वीसच्या आसपास दिसायची, कारण काही नायट्रोजन माशांच्या अंगी लागतो आणि काही खडीतल्या गाळाबरोबर सायफनने बाहेर जातो. खाणं एक ग्रॅमवर आणलं, तर वाढ दहावर आली. आता खाण्याचा दिवसाचा वाटा सकाळी एका छोट्या डबीत मोजून ठेवते. डबी रिकामी झाली की कोणी कितीही काकुळतीला आलं, मासा असो वा नातू, त्या दिवशी काही मिळत नाही.

तो ४.४३चा आकडा आणखी एका ठिकाणी फसवतो. काही किट नायट्रेट मोजतात, काही नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन. माझ्या भाच्याच्या किटवर १० आलं म्हणून तो निश्चिंत होता. त्याचं किट दुसऱ्या प्रकारचं निघालं, खरा आकडा ४४.

पाणी बदलायचा कंटाळा म्हणून जे उपाय करून पाहिले, त्यांचं थोडक्यात. कोळशाच्या फिल्टरने नायट्रेट जात नाही. पाणी उकळून तर उलट घट्ट होतं. नायट्रेट शोषणाऱ्या दाण्यांची पुरचुंडी आणली होती, ती चार दिवसांत भरली. मिठाच्या पाण्यात भिजवून ती पुन्हा वापरता येते, पण गोल्डफिश इतकं घाण करणारं जनावर आहे, की पुरचुंडी धुण्यापेक्षा बादली उचलणं सोपं. आरओने नायट्रेट निघतं, पण त्याबरोबर कार्बोनेटही जातं, आणि मग पीएचला आधार राहत नाही. त्यामुळे नुसतं आरओचं पाणी भरू नये, मिसळून वापरावं.

मनी प्लांटचा उपाय मला आवडला. फांदी टँकच्या कडेला अशी अडकवली की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. पानं माशांच्या तोंडी जाता कामा नयेत, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पहिल्या महिन्यात आकड्यात काहीच फरक नाही. मग मुळांचा झुपका झाला आणि आठवड्याची वाढ दहावरून आठावर आल्यासारखी वाटते. तक्त्यावर दोनाचा फरक डोळ्यांना दिसतो असं मी शपथेवर सांगणार नाही. झाड वाढतं तेवढंच नायट्रेट पितं, आणि मुळं किंवा पिवळी पानं पाण्यात कुजू दिली तर घेतलेलं परत करतं. ढब्बू मुळं उपटायचा प्रयत्न रोज न चुकता करतो, ती करमणूक वेगळी.

नळाचं पाणीही तपासून घ्यावं. माझ्याकडे ५ पीपीएम आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादाच ५० मिलिग्रॅम आहे, आणि शेतीच्या खतांमुळे किंवा सांडपाण्यामुळे विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट मुरलेलं असू शकतं. नव्या पाण्यातच ३० असतील तर कितीही बादल्या ओतल्या तरी टँक तिसाच्या खाली यायचा नाही. क्लोरीनचंही तसंच. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, पण शुद्धीकरणात क्लोरामाइन वापरलं असेल तर ते तसं उडत नाही, त्याला थेंबच लागतात.

सध्या दर रविवारी चार बादल्या. बदलण्याआधी नायट्रेट ३०च्या आसपास, बदलल्यावर २०. गोल्डफिशसाठी ४०च्या आत ठेवा असं सर्वसाधारणपणे सांगतात, मी जरा कंजूष आहे. पीएच साडेसातावर टिकून आहे, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. काचेवरचा हिरवा थर आता पंधरवड्याने पुसते. गोटीच्याही शेपटीची कड झिजली होती, ती भरून आली आहे, उन्हात धरलेल्या पातळ कागदासारखी दिसते ती.

लेखात दुरुस्ती छापणार असाल तर शब्द सुचवते: "फिल्टर असला तरी दर आठवड्याला पाणी बदलावे लागते. किती, ते नायट्रेट मोजून ठरवावे." दोन ओळींत बसतं. फोटोंपैकी एखादा जरा लहान केला तर जागाही होईल.

आपली वाचक,
एक निवृत्त लेखापाल
(कृपया नाव छापू नये)

ता. क. पत्र लिहीत असताना नातू शेजारी बसून तिसरा मासा मागतो आहे. त्याला हिशेब करून दाखवला. खाणं दीड ग्रॅम, आठवड्याची वाढ पंधरा, आणि बदलण्याआधीचा आकडा तिसावरच ठेवायचा तर चार बादल्यांच्या सहा होतात. वरच्या दोन बादल्या तो स्वतः उचलणार म्हणाला. एक भरलेली बादली न सांडता न्हाणीघरापासून टँकपर्यंत आणून दाखव म्हटलं. मधल्या खोलीची फरशी अजून ओली आहे.